‘मॅडम, हा कोर्स दीनचा की धंद्याचा?’

बारावीच्या निकालानंतरची गोष्ट. मी कोकणात एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. एका विद्यार्थिनीची आई जिन्यातच मला थांबवून मोबाईल दाखवू लागली. परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठाचं पान होतं: मुलींसाठी, इस्लामी मूल्यांवर आधारलेलं व्यवसाय व्यवस्थापन आणि नेतृत्व. ‘मॅडम, हा कोर्स दीनचा की धंद्याचा? दीनचा असेल तर आलिमा इथंच होईल. धंद्याचा असेल तर आपलं बी.कॉम. काय वाईट आहे?’

दीन म्हणजे धर्म, आणि आलिमा म्हणजे धार्मिक शिक्षण पुरं केलेली बाई. प्रश्न अगदी रास्त होता. जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर अभ्यास धंद्याचाच असतो. जमाखर्च, ताळेबंद, मार्केटिंग, संख्याशास्त्र, कंपनी कायदा, माणसं नेमणं आणि सांभाळणं हे सगळं त्यात आहे. फरक पडतो तो दोन प्रश्नांनी. प्रत्येक व्यवहारापाशी थांबून ते विचारावे लागतात. यात जोखीम कोण घेतंय? आणि हा पैसा, हा अधिकार माझा आहे की माझ्यापाशी ठेवलेला आहे?

हे ऐकून परकं काही वाटायचं कारण नाही. आपल्या जमाखर्चाच्या वहीतले निम्मे शब्द याच परंपरेतून, फारसीच्या वाटेनं मराठीत आले आहेत. नफा, नुकसान, हिशेब, रक्कम, जमा, बाकी, वसूल, कर्ज, करार, शर्त, मुदत, जामीन, वकील, अमानत हे सगळे मूळचे अरबी. ‘इजारा’ आणि ‘इजारदार’ हे शब्द पेशवाईच्या कागदांत जागोजागी सापडतात, आणि इस्लामी बँकेत आज भाडेकराराला ‘इजारा’च म्हणतात. आपण दागिन्यांना ‘ऐवज’ म्हणतो तो अरबी ‘इवज’, म्हणजे मोबदला. ‘या पैशाच्या बदल्यात समोरच्याला काय मिळालं?’ हा या शास्त्राचा गाभ्याचा प्रश्न त्या एका शब्दात आहे. ‘व्याज’ हा शब्द मात्र संस्कृतातला, आणि नेमकं तिथेच हे शास्त्र वेगळं वळण घेतं.

खंडाची जमीन आणि अर्धेलीची जमीन

कुराणात म्हटलं आहे की अल्लाहने व्यापार हलाल केला आणि ‘रिबा’ हराम केला (सूरा म्हणजे अध्याय २, आयत म्हणजे वचन २७५). रिबा म्हणजे ढोबळमानानं व्याज. मुली वर्गात लगेच विचारतात, ‘मॅडम, शंभराची वस्तू एकशेदहाला विकली तर हलाल, आणि शंभर देऊन एकशेदहा घेतले तर हराम, असं का?’ मी त्यांना शेताकडे नेते. खंडानं जमीन दिली की पीक येवो न येवो, मालकाला ठरलेला खंड द्यावाच लागतो. अर्धेलीनं दिली तर जेवढं पिकेल त्यातलं अर्धं. पाऊस दगा देतो तेव्हा खंडवाला मालक निर्धास्त असतो आणि अर्धेलीवाला आभाळाकडे बघत बसतो. पैशाच्या बाबतीत इस्लामी अर्थशास्त्राला अर्धेल हवी आहे, खंड नको. (खऱ्या जमिनीचं रोख भाडं बहुतेक फकिहांना, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांना, चालतं. दाखला आहे तो पैशापुरता.) नफ्यावर हक्क सांगायचा तर नुकसानीची भीतीही वाटून घ्यायची.

या अर्धेलीच्या कराराचं नाव मुदारबा. एकीचं भांडवल, दुसरीची मेहनत. समजा, एकीनं दोन लाख रुपये घातले आणि दुसरीनं सांदण, पोळ्या, मटणाचे डबे पुरवायचा धंदा चालवला. नफ्यातला साठ टक्के वाटा चालवणारीचा आणि चाळीस टक्के भांडवलवालीचा, असं ठरलं. पन्नास हजार नफा झाला तर तीस हजार आणि वीस हजार. पण पन्नास हजारांचं नुकसान झालं तर? ते सगळं भांडवलवालीचं. चालवणारीची वर्षभराची मेहनत फुकट गेली, तेवढंच तिचं नुकसान. मात्र तिनं हयगय केली किंवा ठरलेली शर्त मोडली तर भरपाई तिला द्यावी लागते. दोघींनी पैसे घातले तर तो मुशारका. त्यात नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, नुकसान मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच.

मुदारब्यात एक गोष्ट अजिबात चालत नाही: ‘मला महिन्याला अमुक हजार दे, बाकी तुझं तू बघ.’ आकडा आधी ठरला की तो करार मुदारबा राहत नाही. ही एक ओळ माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, कोणी वेळेवर सांगितली असती तर तिचे तीन लाख वाचले असते.

खालू, म्हणजे तिचे यजमान, आखातात होते. आमच्याकडे हे घरोघरी आहे. पुरुष बाहेर कमावतात आणि मुलांच्या शाळेपासून घराच्या बांधकामापर्यंत सगळं बाई निभावते. खालानं बांगड्या मोडून एका ‘हलाल’ योजनेत पैसे गुंतवले. कागदावर वरती ठसठशीत ‘मुदारबा करार’ लिहिलं होतं. दर महिन्याला नऊ हजार यायचे. पावसाळ्यात नऊ, रमजानमध्ये नऊ, बाजार पडला तेव्हाही नऊ. चौदा महिने आले, मग एके दिवशी फोन लागेनासा झाला. पुढे मी तो कागद नीट वाचला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं की गुंतवणूकदार नफ्या-तोट्यात सहभागी राहील. म्हणजे तोंडी खंड आणि कागदावर अर्धेल. हिशेब केव्हा दाखवणार, कोण तपासणार, याबद्दल एक शब्दही नव्हता. ज्या धंद्याचा नफा चौदा महिने एका रुपयानं हलत नाही, तो नफा नसतो. नव्या येणाऱ्यांच्या पैशातून जुन्यांना वाटप चाललेलं असतं.

म्हणून मला हा अभ्यास मुलींसाठी फार महत्त्वाचा वाटतो. शरियत बाईला तिची मालमत्ता वेगळी देते. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं द्यायची रक्कम, तिचा, कमाई तिची, वारशाचा हिस्सा तिचा. लग्नानं ते नवऱ्याचं होत नाही, आणि घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची असते. ‘पुरुषांनी जे कमावलं त्यात त्यांचा वाटा, स्त्रियांनी जे कमावलं त्यात त्यांचा वाटा’ हे सूरा निसामध्ये स्पष्ट आहे. पण करार वाचता येत नसेल तर हा हक्क तिच्या हाती कसा येणार? बांगड्या तिच्या, सही तिची, आणि कागद वाचणारा तिसराच कोणी, असं किती घरांत मी पाहिलंय.

विक्री की व्याज?

आता थोडं अडचणीच्या ठिकाणी जाऊ. इस्लामी बँकांत मुदारब्यापेक्षा जास्त चालतो तो मुराबहा. बाईला चाळीस हजारांची शिलाई मशीन हवी आहे. बँक तिला पैसे देत नाही, तर आधी मशीन स्वतः विकत घेते आणि मग ‘आम्हाला चाळीसला पडली, तुला सेहेचाळीसला देतो’ असं उघड सांगून बारा हप्त्यांत विकते. तिच्या ताब्यात यायच्या आधी मशीन पडून मोडली तर नुकसान बँकेचं. हप्ता चुकला तरी किंमत वाढत नाही. दंड लावलाच तर तो बँकेच्या नफ्यात न घेता दानात जातो.

कोणीही म्हणेल, हे बारा महिन्यांचं पंधरा टक्के व्याजच झालं की! ही टीका बाहेरच्यांचीच नाही, खुद्द मुस्लिम अर्थतज्ज्ञही ती पोटतिडकीनं करतात. बँक नफ्याचा दर बहुतेकदा बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरवते, हेही खरं. मला वाटतं, इथे सगळं अवलंबून आहे ते मधल्या टप्प्यावर. बँकेनं ती वस्तू खरोखर आपल्या नावावर घेतली का, जोखीम एक दिवस तरी अंगावर घेतली का? घेतली असेल तर ती विक्री. नुसते कागद इकडून तिकडे फिरवले असतील तर नाव बदललेलं कर्ज. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीला हा फरक प्रत्यक्ष करारातून शोधायला लावतात. वाईट अभ्यासक्रमात अरबी नावं पाठ करून घेतात.

हे शास्त्र सर्वांत व्यवस्थित उभं राहिलं ते मलेशियात. तिथले खेड्यातले मुसलमान हजसाठी घरात रोकड साठवत, नाहीतर शेत आणि गुरं विकून जात. परतल्यावर हातात काहीच उरत नसे. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्ये बिनव्याजी बचतीची कल्पना मांडली. त्यातून १९६३ मध्ये जी संस्था सुरू झाली ती आज ‘ताबुंग हाजी’ म्हणून ओळखली जाते. पुढे १९८३ मध्ये इस्लामी बँकिंगचा कायदा आला आणि पहिली इस्लामी बँक सुरू झाली. त्याच उंगकू अझीझ यांच्या कन्या झेती अख्तर अझीझ २००० ते २०१६ अशी सोळा वर्षं मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर होत्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट त्यांच्याकडे आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, २००५ मध्ये, मध्यवर्ती बँकेनं क्वालालंपूरला इस्लामी वित्ताच्या शिक्षणासाठी ‘इन्सीफ’ हे स्वतंत्र विद्यापीठ काढलं. कोणता करार शरियतला धरून आहे हे ठरवणाऱ्या मध्यवर्ती बँकेच्या सल्लागार मंडळावर एंगकू राबिया अदाविया या कायद्याच्या प्राध्यापिकांनी काम केलं आहे. अख्ख्या देशाच्या बँकांचे करार ज्या टेबलावर तपासले जातात तिथे एका बाईनं मत दिलं आहे, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते.

बिनव्याजी कर्जाची, म्हणजे कर्जे-हसनाची, वाट वेगळी. लाहोरात २००१ मध्ये डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुवत’ सुरू केली. तिचं पहिलं कर्ज दहा हजार रुपयांचं होतं, एका विधवेला दिलेलं. तिनं शिलाईवर कमावून ते फेडलं. दानावर चालणाऱ्या या संस्थेचा व्याप पुढे एवढा वाढला की २०२१ मध्ये साकिब यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नेमणूक कशी करावी, हे एका मुलीनं सांगितलं

नेतृत्वाच्या विषयात पुस्तकी शब्द पुष्कळ येतात: अमाना (विश्वासानं सोपवलेली जबाबदारी), शूरा (सल्लामसलत), अदल (न्याय), एहसान (काम उत्तम करणं). त्यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा दोन प्रसंग नीट वाचावेत असं माझं मत आहे.

दोन्ही कुराणातले. पहिला मदयन या गावच्या विहिरीवरचा. गुराख्यांची गर्दी आहे आणि दोन बहिणी आपली मेंढरं अडवून बाजूला उभ्या आहेत, कारण वडील थकलेले आहेत. परका, भुकेला मूसा (पुढे पैगंबर झालेला) पुढे होऊन त्यांच्या जनावरांना पाणी पाजतो. घरी गेल्यावर त्यातली एक बापाला म्हणते, ‘अब्बा, यांना कामावर ठेवा. कामावर ठेवायला उत्तम माणूस तोच, जो बळकट आणि विश्वासू असतो’ (सूरा २८, आयत २६). अरबीत हे दोन शब्द ‘कवी’ आणि ‘अमीन’ असे आहेत. इस्लामी व्यवस्थापनाच्या वर्गात मनुष्यबळाचा धडा बहुतेकदा याच आयतीपासून सुरू होतो. नुसता प्रामाणिक पण काम न येणारा नको, आणि नुसता हुशार पण हात साफ नसलेलाही नको. मला यातली आणखी एक गोष्ट आवडते. मुलीनं शिफारस केली ती काम डोळ्यांनी पाहून. ओळख, नातं, गाव यातलं काहीच तिनं पाहिलं नव्हतं.

दुसरा प्रसंग सबाच्या राणीचा. पैगंबर आणि राजा असलेल्या सुलेमानचं पत्र येतं. राणी दरबाऱ्यांना म्हणते, ‘मला या बाबतीत सल्ला द्या. तुम्ही हजर असल्याशिवाय मी कोणत्याही गोष्टीचा निर्णय करत नाही’ (सूरा २७, आयत ३२). सरदार म्हणतात, आमच्यात ताकद आहे, लढाईला तयार आहोत, पण हुकूम तुमचा. राणी लढाई नाकारते. राजे गावात शिरले की गाव उद्ध्वस्त करतात आणि तिथल्या मानी माणसांना हीन करून टाकतात, असं सांगून ती आधी भेट पाठवून अंदाज घ्यायचं ठरवते. मसलत घेतली, सगळ्यांना बोलू दिलं, तरी ज्यांचा उत्साह जास्त त्यांच्या मागे गेली नाही, आणि निर्णयाचं ओझंही दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं नाही. बैठक चालवायची कशी हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पैगंबर मुहम्मदांच्या पहिल्या पत्नी खदीजांचं नाव तर येतंच. मक्केच्या त्या व्यापारी बाईंनी शामला, म्हणजे सीरियाकडे, जाणाऱ्या काफिल्याबरोबर आपला माल घेऊन तरुण मुहम्मदांना पाठवलं आणि सोबत आपला माणूस मैसरा दिला, असं चरित्रग्रंथ सांगतात. परत आल्यावर मैसराकडून सगळी हकीकत ऐकली, हिशेब पाहिला, आणि लग्नाचा विचार त्यानंतरचा. भाषणांत लग्नावरच थांबतात. व्यवसायाच्या विद्यार्थिनीनं मैसरापाशी थांबावं. विश्वास ठेवायचा आणि खात्रीही करून घ्यायची, दोन्ही त्यात आहे.

अवघड पानंही वाचायची

कर्ज लिहून ठेवा, लेखक नेमा, साक्षीदार घ्या असं सांगणारी आयत (२:२८२) ही कुराणातली सर्वांत मोठी आयत. देवाण-घेवाणीचे कागद हा विषय एवढा मोठा मानला आहे. पण त्याच आयतीत दोन पुरुष साक्षीदार नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया, असंही आहे. मुली ते वाचतात आणि माझ्याकडे बघतात. परंपरेतल्या बहुतेक फकिहांनी तो कायमचा नियम मानला. आधुनिक काळातले अनेक अभ्यासक म्हणतात की त्या काळी बायका बाजाराच्या व्यवहारात कमी असत, म्हणून ती सोय होती, बाईची अक्कल मोजायचं ते माप नव्हे. ‘ज्या लोकांनी कारभार बाईच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही’ ही बुखारी या संग्रहातली हदीसही, म्हणजे पैगंबरांचं सांगितलं जाणारं वचनही, अशीच. ती इराणच्या गादीवर किसराची, म्हणजे तिथल्या बादशहाची, मुलगी बसल्याच्या बातमीवरची. कोणी ती फक्त राज्यप्रमुखापुरती घेतात, कोणी त्या एका घटनेपुरती, आणि मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी तिच्या निवेदकावरच प्रश्न उभे केले. हनफी फिकहनं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या हनफी पंथानं, तर आर्थिक दाव्यांत स्त्रीला न्यायाधीश व्हायला पूर्वीच मुभा दिली होती.

हे सगळं मुलींपासून लपवून ‘इस्लामने स्त्रीला सगळे हक्क दिले’ एवढंच सांगणारा कोर्स मला कच्चा वाटतो. नोकरीच्या मुलाखतीत नाहीतर घरच्या बैठकीत हेच दाखले तिच्यासमोर टाकले जाणार आहेत. तेव्हा तिला संदर्भ माहीत असायला हवा.

संस्था चालवण्याचा इतिहासही यात शिकवतात, आणि तिथे वक्फ, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमची दिलेली मालमत्ता, येतो. तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान सुलेमान, त्याची बेगम हुर्रेम हिनं जेरुसलेममध्ये १५५२ मध्ये गोरगरिबांसाठी मुदपाकखाना उभारला. त्याच्या वक्फनाम्यात कोणत्या गावांचं उत्पन्न येणार, कोणाला किती पगार, सकाळी तांदळाचं सूप आणि संध्याकाळी दलियाचं, इथपर्यंत लिहिलेलं आहे. नुसता पैसा देऊन ती थांबली नाही, आपल्या मागे कारभार कसा चालेल हे लिहून गेली.

प्रवेश घेण्याआधी

मुलींसाठी म्हणून सुरू झालेल्या विद्यापीठांत सौदी अरेबियातल्या जेद्दाहचं इफ्फत विद्यापीठ नावाजलेलं. राणी इफ्फत यांनी १९५५ मध्ये तिथे मुलींची ‘दार अल-हनान’ शाळा काढली आणि त्याच वाटेवर १९९९ मध्ये महाविद्यालय झालं. त्याच वर्षी शहरात ‘दार अल-हिकमा’ही सुरू झालं. त्या काळी व्यवसाय शिकलेल्या सौदी मुलीला स्वतःचा धंदा नोंदवायचा तर घरच्या पुरुषाची संमती लागत होती. ती अट २०१८ मध्ये गेली. स्त्रियांचा कामकाजातला वाटा ३० टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट सरकारनं २०३० साठी ठेवलं होतं, ते मुदतीच्या कितीतरी आधीच ओलांडलं. पदव्या घेतलेल्या मुली तयार होत्या, दार उघडायचाच अवकाश होता.

भारतात चित्र वेगळं आहे. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, पण रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे इथे ‘इस्लामी बँकेत नोकरी’ हे स्वप्न मुलीला दाखवू नये. पण मुंबई शेअर बाजारात २०१० पासून शरियत निर्देशांक, म्हणजे शरियतला चालणाऱ्या कंपन्यांचा निर्देशांक, आहे. कंपन्या चाळायचे निकष, उदाहरणार्थ व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत असावं हा बहारीनच्या ‘आओफी’ संस्थेचा नियम, लावणारी माणसं लागतात. आखाताशी व्यापार करणाऱ्या कंपन्या आहेत, वक्फ आणि शिक्षणसंस्थांचे हिशेब आहेत, घरचा धंदा आहे.

त्या आईला मी शेवटी स्टाफरूममध्ये बसवून अभ्यासक्रम उघडायला सांगितला. वित्तीय लेखांकन किती सत्रं आहे ते पाहा, म्हटलं. संख्याशास्त्र आहे का? करार प्रत्यक्ष वाचायला लावतात की नुसत्या व्याख्या? शिकवणाऱ्यांत बायका किती, आणि त्यातल्या किती जणींनी स्वतः कुठे कारभार केलाय? पदवी भारतात समकक्ष धरतात का? फी हप्त्यांत असेल तर उशिराच्या दंडाचं काय करतात, तेही विचारा. इस्लामी मूल्यांचं नाव घेणाऱ्या विद्यापीठानं त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं.

तिनं सगळं मुलीच्या वहीत लिहून घेतलं, स्वतःच्या अक्षरात. मग टेबलावर ठेवलेल्या खालाच्या कागदाची झेरॉक्स मागितली. ‘माझ्या बहिणीनंपण कुठंतरी असेच भरलेत, मॅडम. महिन्याला सहा हजार येतात. तिला हे दुसरं पान दाखवते.’